आकाश जरा जास्तच निळं

"मला वेड लागलंय की नाही, तेवढं शोधून द्या," म्हातारबुवा म्हणाले आणि न विचारता खुर्चीत बसले.

वहिनींच्या ऑफिसात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. कोणाचा नवरा हरवलेला असे, कोणाचा भागीदार पळालेला, एकदा तर एकाचा पोपट. पण स्वतःचं डोकं जागेवर आहे का, हे तपासून घ्यायला आलेला हा पहिलाच माणूस होता.

वहिनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत खाजगी गुप्तहेराचं काम करणाऱ्या पन्नाशीच्या बाई. दारावरच्या पाटीवर नाव होतं, पण ते कोणी वाचत नसे. त्यांचे धाकटे दीर पोस्टातून निवृत्त झाले, घरात बसून कंटाळले आणि त्यांच्या मदतीला येऊ लागले. चारचौघांत ते 'वहिनी, वहिनी' करत राहिले आणि पोलिसांपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. भाऊजी मनानं फार चांगले. समोरचा जे सांगेल ते त्यांना पटायचं, आणि नंतर दुसऱ्यानं उलटं सांगितलं की तेही पटायचं.

म्हातारबुवांना त्यांच्या धंद्यातले लोक आर्टिस्टकाका म्हणत. तरुणपणी ते एका विज्ञानकथांच्या मासिकाची मुखपृष्ठं काढायचे. दर महिन्याला एक भविष्यकाळ. चंद्रावरची हॉटेलं, काचेच्या घुमटाखालची शहरं, कचेरीत उडत जाणारे कारकून. त्यांच्या इसवी सन दोन हजारात घरोघरी यंत्रमानव केर काढत होते. भिंतीवरच्या फोनमध्ये समोरच्याचा चेहरा दिसत होता, फक्त नंबर फिरवायला तबकडीत बोट घालावं लागत होतं. पुढे मासिक बंद पडलं. आता इतक्या वर्षांनी ती जुनी भविष्यं पुन्हा लोकांना आवडू लागली होती. एका गॅलरीनं काकांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि रविवारी त्याचं उद्घाटन होतं.

प्रदर्शनातलं मुख्य चित्र म्हणजे 'गच्चीवरची दुपार'. ढगांना टेकलेल्या इमारतीची गच्ची, दोरीवर कपडे वाळत घालणारा यंत्रमानव, आणि शेजारी आरामखुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचणारी बाई. चित्राचा वरचा अर्धा भाग नुसता आकाशाचा, त्यात उडत्या मोटारी. खुर्चीतली बाई म्हणजे काकांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. चित्र इतके दिवस मासिकाच्या संपादकांच्या घरी होतं, आणि काकांना ते डोळे आणखी अधू होण्याआधी एकदा बघायचं होतं.

काल गॅलरीनं त्यांना बोलावून चित्रापुढे उभं केलं. काका बघत राहिले आणि म्हणाले, हे माझं नव्हे. काय चुकलंय असं विचारल्यावर त्यांना एवढंच सांगता आलं, की आकाश जास्त निळं आहे. गॅलरीच्या बाईंनी ते चित्र मुखपृष्ठावर असलेला छापील अंक शेजारी धरला. रेघ न् रेघ जुळली, निळाही जुळला. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि काकांच्या लेकीनं त्यांचा दंड धरला.

"त्या धरण्यात सगळं आलं," काका म्हणाले.

एवढ्यात ती लेकच जिना चढून धापा टाकत आली. बाप घरात नाही हे पाहून तिची पाचावर धारण बसली होती. ती दुसऱ्या शहरात राहायची. सोमवारी काकांना घेऊन जायचं, इथलं घर कुलूप लावून बंद करायचं, असं तिनं ठरवलं होतं. मागे एकदा गॅस चालू राहिला होता, शेजाऱ्यांचं नाव आठवेना झालं होतं, आणि आता स्वतःचं चित्र ओळखता येईना. हे सगळं ती मायेनं सांगत होती, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, यांना सगळं पातळ चहातून बघितल्यासारखं दिसत असणार. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. अशा डोळ्यांनी रंगाबद्दल काय बोलायचं?"

काकांनी वहिनींकडे पाहिलं. "मी चुकलो असेन तर हिच्याबरोबर मुकाट्यानं जातो. बरोबर असेन तर माझ्या घरात, माझ्या खोलीत राहणार. मंजूर आहे का विचारा तिला."

लेकीनं मान हलवली. वहिनींनी त्यांना बजावलं की चूक निघाली तर तीही तोंडावर सांगेन. काका म्हणाले, तेवढ्यासाठीच तर आलो.

*

गॅलरी एका जुन्या गोदामात होती. दारावर पुठ्ठ्याची ताजी पाटी होती, हातानं लिहिलेली: पाण्याच्या बाटल्या आत नेऊ नयेत. काकांची लेकही बरोबर आली होती. भाऊजींची बाटली दारातच काढून घेतली गेली. आपल्या घशाला सतत कोरड पडते हे त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, पण गॅलरीच्या बाई ऐकेनात. तशा त्या फार गोड स्वभावाच्या होत्या. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. झोप झालेली नसावी. प्रदर्शन भरवणाऱ्याची झोप होत नाहीच, असं भाऊजी नंतर म्हणाले.

बाईंनी त्यांना चित्रापुढे नेलं. भाऊजी जवळ गेले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, आणि कपाळावर आलेली बट त्यांनी तिथंच चित्राच्या काचेत बघून नीट केली. वहिनी मात्र बराच वेळ हलल्या नाहीत. चित्र सुरेख होतं. बाईच्या चेहऱ्यावर अशी काही सुस्ती होती की बघणाऱ्यालाही टेकावंसं वाटे. तिच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या उजव्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. फ्रेमच्या आतल्या अंगाला समुद्री हिरवी पट्टी बसवलेली होती. भडक निळ्या आकाशाशेजारी ती जरा विचित्र दिसत होती.

"फ्रेमवाल्याला रंगाची जाण बेताचीच दिसते," भाऊजी म्हणाले.

खालच्या काचेच्या पेटीत छापील अंक मांडलेले होते. बाईंनी तो अंक दाखवला. तेच आकाश, तीच बाई, वर्तमानपत्राला तीच लाल रेघ. "तंतोतंत आहे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काकांचं वाईट वाटतं हो. पण वय झालं की व्हायचंच."

किल्ली कोणाकोणाकडे असते, या प्रश्नावर फक्त माझ्याकडे, असं त्यांनी सांगितलं. चित्र फ्रेम होऊन आल्यापासून ते बाहेर गेलेलं नव्हतं. वहिनींनी हात धुवायची परवानगी मागितली. मागच्या खोलीत मोरी होती आणि तिथंच बाई लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत. फळीवर पोस्टर कलरच्या बाटल्या ओळीनं होत्या. सगळ्या अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या, निळी तेवढी चाटूनपुसून रिकामी.

"मुलांना समुद्र काढायला दिला असेल," भाऊजींनी तर्क केला. बाईंनी तो ऐकला नसावा. प्रदर्शनाच्या गडबडीत वर्ग बरेच दिवस बंदच आहे, असं त्या लेकीशी बोलताना सांगत होत्या.

*

संपादक वारले होते. त्यांचा मुलगा चपलांचं दुकान चालवायचा आणि चित्र प्रदर्शनाला दिल्याचा त्याला पश्चात्ताप होत होता. भिंतीवर त्या जागी फिका चौकोन पडलाय, बायको रोज बोलून दाखवते, असं त्याचं दुखणं होतं. वडिलांचा त्या चित्रावर फार जीव. चकाकी यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं वर वार्निश मारलं होतं, आणि येणारे-जाणारे सगळे त्याला ऑईल पेंटिंगच समजायचे.

"आकाशाचा रंग कसा होता?" वहिनींनी विचारलं.

"आकाशाचा असतो तसा. निळा." त्यानं जरा विचार केला. "खरं सांगू का, जन्मापासून भिंतीवर होतं. बघतो कोण?"

बाहेर आल्यावर भाऊजींनी आवाज खाली आणला. इथंच पाणी मुरतंय, ते म्हणाले. यानं खरं चित्र ठेवून घेतलं आणि गॅलरीला नक्कल दिली, म्हणून तर रंग सांगता आला नाही. वहिनींनी त्यांना त्यांच्या स्वतःच्या घरातल्या दिवाणखान्याच्या पडद्याचा रंग विचारला. भाऊजी पुढचा अर्धा रस्ता आठवत राहिले.

मग रॉकेटशेठ. हा पाइपांचा मोठा व्यापारी, पण घरात पाऊल टाकलं की पत्र्याची रॉकेटं, किल्लीचे यंत्रमानव आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत जपलेले जुने अंक. प्रदर्शनातले अंक त्याचेच होते. ते त्यानं चित्रं भिंतीवर चढल्यावर अगदी शेवटी नेऊन दिले होते, आणि हातमोजे न घालता हाताळले म्हणून गॅलरीच्या बाईंशी त्याचं वाजलंही होतं. तेव्हापासून त्यानं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. 'गच्चीवरची दुपार' आपल्याला द्या म्हणून तो संपादकांच्या मुलाच्या मागे लागला होता, हे त्यानं लपवलं नाही.

"पेटीतला अंक जरा डावा आहे," तो खंतावून म्हणाला. "त्या महिन्याची याहून स्वच्छ प्रत मला कुठं मिळाली नाही."

तुम्ही चित्रं काढता का, या प्रश्नावर तो उठला आणि एक यंत्रमानव घेऊन आला. रंग उडाला म्हणून त्यानं तो स्वतः रंगवला होता. बिचाऱ्याचा एक डोळा कपाळावर होता आणि दुसरा गालावर. वहिनींना हसू आवरेना, आणि शेठही हसला.

फ्रेमवाल्याचं दुकान लाकडाच्या भुशानं भरलेलं होतं. पट्टीचा विषय निघताच त्याची कळी खुलली. "मी नेहमी चित्रातलाच रंग उचलतो," तो म्हणाला. "या चित्राला पट्टी निवडायला मला सकाळभर लागलं. अशी बसली की बघत राहावं."

"आणि काच?"

"काच कशाला? बाई म्हणाल्या ऑईल आहे. ऑईलला काच लावत नाहीत. उघडंच दिलं मी. चकचकीत होतं, छान दिसत होतं."

भाऊजी काहीतरी बोलणार होते, पण काय ते त्यांनाच आठवेना. वहिनींनी फ्रेमवाल्याचे आभार मानले आणि चालायला लागल्या. आता त्यांची चाल बदलली होती. भाऊजींना ती चाल ओळखीची होती. अशा वेळी आपण मागून धावायचं आणि काही विचारायचं नाही, एवढं त्यांना अनुभवानं कळत होतं.

*

काकांचं घर लहान, पण कामाच्या माणसाचं होतं. खिडकीजवळ उतरतं टेबल, बरणीत धुऊन उभे ठेवलेले ब्रश. टोप्या घालून ओळीनं ठेवलेल्या रंगांवर धूळ नव्हती. अंधाऱ्या बोळात एक छोटं मूळ चित्र टांगलेलं होतं, चंद्राकडे निघालेलं यान, आणि त्याच्याखाली त्याच अंकाचं छापील मुखपृष्ठ. चित्रातलं आकाश हिरवट, पोपटाच्या पंखासारखं. छापलेलं मात्र गडद निळं.

"जुनं झालं की रंग विटतात," भाऊजींनी हळहळ व्यक्त केली.

काका चहा करत होते. लेक गॅसजवळच उभी होती, बंद केला की नाही ते बघायला. वहिनींनी जुन्या दिवसांचा विषय काढला आणि काका रंगात आले. छापखान्यातला मशीनमन म्हणे निळ्या शाईचा फार शौकीन. कितीही सांगा, निळा सढळ हातानं सोडायचा. "स्वयंपाकीण खारट करणारी असली की आपण आधीच मीठ कमी देतो ना, तसं. सवय लागते हाताला," काका म्हणाले. आणि कागद यंत्रावर केसभर जरी सरकला, तरी लाल रंग शेजारी जाऊन बसायचा. "माझ्या कितीतरी सुंदर बायकांना दोन-दोन ओठ आले. संपादक म्हणायचे, दोन हजार साली अशाच असतील."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

वहिनींनी कपाटातल्या अंकांत 'गच्चीवरची दुपार'वाला अंक शोधला. पानं पिवळी पडली होती, पण छपाई स्वच्छ होती. खुर्चीतल्या बाईच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्याच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या.

"हा मी उद्यापुरता नेते," वहिनी म्हणाल्या. "आणि उद्या दुपारी सगळ्यांनी गॅलरीत या."

*

शनिवारी दुपारी सगळे जमले. काका एका स्टुलावर बसले होते, लेक मागे उभी. संपादकांचा मुलगा दुकान नोकरावर टाकून आल्यामुळे घड्याळ बघत होता. रॉकेटशेठ हातमोजे घालूनच आला होता. फ्रेमवाला चित्राकडे एकटक बघत होता आणि त्याच्या कपाळाला आठी पडली होती. गॅलरीच्या बाई दाराशी होत्या.

"काका काय म्हणाले, ते एकदा नीट ऐकू या," वहिनींनी सुरुवात केली. "त्यांना सगळं चहातून बघितल्यासारखं दिसतं. म्हणजे निळा त्यांना मळका आणि फिका दिसायला हवा. दोष डोळ्यांचा असता, तर ते म्हणाले असते की आकाश पुरेसं निळं नाही. ते म्हणाले, जास्त निळं आहे. पिवळ्या पडद्यामागूनही ज्याला निळा जास्त वाटतो, त्याच्यासमोर तो खरंच जास्त असणार. मोतीबिंदू हा त्यांच्या विरुद्धचा पुरावा नव्हे, त्यांच्या बाजूचा आहे."

लेक स्टुलाच्या आणखी जवळ सरकली.

"पण छापील अंकाशी जुळतंय ना," संपादकांचा मुलगा म्हणाला.

"तीच तर अडचण आहे. ते जुळायला नको होतं." वहिनींनी सांगितलं, की मशीनमन निळा जास्त सोडायचा म्हणून काका आकाश मुद्दाम हिरवट काढत. छापून आलं की ते बरोबर निळं व्हायचं. त्यांच्या बोळातलं यान आणि त्याचं मुखपृष्ठ शेजारी-शेजारी बघितलं की हे कोणालाही दिसेल. हाताच्या सवयीचं कारण कोणी स्वतःला सांगत नाही, म्हणून काकांनाही परवा ते सांगता आलं नाही. त्यात सगळ्यांनी छापील अंक एकदम पुढे केला आणि ते गोंधळले. ज्यानं समोरचं चित्र काढलं, त्यानं छापलेलं आकाश बघून काढलं होतं.

"वार्निश पिवळं पडून आकाश हिरवं दिसत असेल," मुलगा अडून बसला. "ते काढलं असेल कोणी, म्हणून निळं झालं."

"वार्निश काढल्यावर लाल रेघ उमटते का?" वहिनींनी काकांकडचा अंक पेटीतल्या अंकाशेजारी धरला. एकात वर्तमानपत्राची कड पांढरी, दुसऱ्यात लाल. "शेठच्या प्रतीत कागद सरकलाय, म्हणून तर ते तिला डावी म्हणतात. ही रेघ कोणी काढलेली नाही, ती छपाईची चूक आहे. आणि समोरच्या चित्रात ती चूक ब्रशानं, अगदी जपून रंगवलेली आहे. नक्कल करणारा हात इमानदार होता. दिसलं ते सगळं उतरवलं."

शेठ पुढे होऊन बघू लागला. त्याचा चेहरा पडला, मग हळूहळू उजळला. आपली डावी प्रत एवढ्या उपयोगी पडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"आता कोणी?" वहिनी म्हणाल्या. "संपादकांच्या घरून आलं ते खरंच चित्र होतं. फ्रेमवाले चित्रातलाच रंग उचलतात, आणि त्यांनी समुद्री हिरवी पट्टी निवडली. समोर हे भडक निळं असतं, तर त्यांनी ती लावलीच नसती."

"तेच मघापासून बघतोय," फ्रेमवाला म्हणाला. "माझी पट्टी अशी दिसत नव्हती."

"त्यांनी चित्र दिलं तेव्हा त्याला काच नव्हती. आज आहे. भाऊजींनी तिच्यात भांग पाडला."

भाऊजींचा हात आपोआप केसांकडे गेला.

"म्हणजे त्यांच्यानंतर फ्रेम उघडली गेली. शेठचे अंक तर इथं त्याहून उशिरा आले, आणि नंतर ते स्वतः इकडे फिरकले नाहीत. त्यांचा हात कसा चालतो, तेही मी पाहिलंय. वर्ग बंद असताना मागच्या खोलीतला निळा संपलेला आहे. किल्ली एकच." वहिनींचा आवाज मऊ झाला. "तरी मी चोरी म्हणत नाही. चोराला चित्राची काळजी नसते, तो काच बसवत नाही आणि दाराला पाण्याच्या बाटल्यांची पाटी लावत नाही. ज्याला पाण्यानं एकदा अद्दल घडलीय, तो लावतो."

गॅलरीच्या बाईंनी दाराची चौकट धरली होती.

"ऑईल वाटलं मला," त्या म्हणाल्या. "वार्निशनं इतकं चकाकत होतं. काकांसाठी उजळ दिसावं म्हणून वार्निश उतरवलं, आणि मग ऑईलवर फिरवतात तसा ओला कापूस फिरवला. कापूस हिरवा झाला. मला कळेपर्यंत अर्धं आकाश गेलं होतं. पोस्टर कलर होता. मी रोज मुलांना शिकवते, आणि मलाच ओळखता आला नाही."

मग त्यांनी रात्रंदिवस बसून नक्कल काढली. बायकोचा चेहरा, खुर्ची, यंत्रमानव मूळ चित्रावरून. आकाश पुसलं गेल्यामुळे रंगांसाठी त्यांनी सबंध वेळ छापील अंकच समोर ठेवला होता. काकांना दिसतं कमी, त्यांना कळणार नाही, प्रदर्शन संपलं की सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

"चित्र बिघडलं ती चूक झाली," त्या काकांसमोर येऊन म्हणाल्या. "पण परवा सगळे तुमच्याकडे तसे बघत होते आणि मी गप्प राहिले. वर म्हणाले, वयाचं व्हायचंच. ते मी फार वाईट केलं, काका. मला माफ नका करू हवं तर."

काका बाईंकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "दोन रात्री झोपलो नाही मी," ते म्हणाले. "स्वतःच्या डोक्याची भीती वाटणं काय असतं, तुला नाही कळायचं." मग त्यांनी हात पुढे केला. "कुठाय ती?"

बाईंनी कपाटातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं चित्र आणलं. वरचा अर्धा भाग ओघळलेला, डागाळलेला, मध्ये कोरा कागद. खाली मात्र गच्ची होती, दोरी होती, आणि खुर्चीतली बाई पाय पसरून निवांत वाचत होती. काकांनी चित्र नाकाशी नेलं. एक डोळा मिटला, दुसऱ्यानं चेहऱ्यावरून हळूहळू नजर फिरवली. लेकीनं तोंडाला पदर लावावा तसा हात लावला.

"हिला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "आकाशाचं काय एवढं? आकाशं मी दर महिन्याला एक काढत होतो."

*

रविवारी उद्घाटनाला आलेल्या लोकांना फीत कापणं बघायला मिळालं नाही. गॅलरीच्या मधोमध उतरत्या टेबलापाशी आर्टिस्टकाका बसले होते आणि मूळ चित्रातलं पुसलेलं आकाश पुन्हा रंगवत होते. रंग त्यांनी घरून आणले होते. मिश्रण डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त चाललं होतं. अडलं की ते गॅलरीच्या बाईंना विचारत, किती हिरवा दिसतो सांग, आणि बाई श्वास रोखून सांगत. त्यांनी स्वतःची नक्कल भिंतीवरून उतरवली होती आणि नावासकट, कारणासकट कोपऱ्यात ठेवली होती. ती बघायलाही गर्दी झाली.

एका बाईनं कडेवरच्या मुलाला यंत्रमानव दाखवला. हे कधीचं आहे, असं मुलानं विचारलं. दोन हजार सालचं, काका म्हणाले. ते तर होऊन गेलं, असं मुलाच्या आईनं सांगितल्यावर काकांनी मान्य केलं, की आपण जरा घाईच केली होती. भाऊजींना हे इतकं आवडलं की त्यांनी ते प्रत्येक येणाऱ्याला सांगितलं. वहिनी खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांना उठायची इच्छा नव्हती.

दुपार कलली. लेक बराच वेळ बापाच्या खांद्याशी उभी होती. "बाबा," ती वाकून म्हणाली, "उद्याचं तुमचं तिकीट मी रद्द केलं. ऑपरेशनच्या वेळी मीच येईन इकडे."

काकांनी मान वर केली नाही. ब्रश एका उडत्या मोटारीच्या कडेनं सावकाश चालला होता.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आता जरा सरक. उजेड अडवतेयस."

ती सरकली.